मनगटी घड्याळाचा ‘शॉकप्रूफ’पणा : कारागीर व दुकानदारांनी काय जाणून घ्यावे?

चावीच्या घड्याळाच्या डायलवर बारीक अक्षरांत काही शब्द छापलेले असतात. ‘१७ ज्युएल्स’, ‘इन्काब्लॉक’, ‘पॅराशॉक’, ‘शॉकप्रूफ’. गिऱ्हाईक ते वाचतो, दुकानदारही बोट ठेवून दाखवतो आणि सौदा होतो. परंतु या शब्दांचा नेमका अर्थ काय, ते सांगणारी वस्तू घड्याळात कोठे असते आणि ती आहे की नाही हे कसे ओळखावे, याची माहिती विकणाऱ्यालाही पुष्कळदा नसते.

हा प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. बॅटरीच्या क्वार्ट्झ घड्याळांनी चावीच्या घड्याळांचा बाजार जवळजवळ संपविला होता. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. परंतु त्यानंतर जुन्या चावीच्या घड्याळांचे शौकीन वाढले. मुंबईच्या चोरबाजारापासून ऑनलाइन विक्रीपर्यंत जुनी एचएमटी आणि स्विस घड्याळे दुरुस्त करून, डायल नव्याने रंगवून विकली जातात. या व्यवसायात आपले अनेक बांधव आहेत. काही कारागीर आहेत, काही दुकानदार, तर काही दोन्ही. म्हणून घड्याळाला बसणारा धक्का आणि त्यापासून होणारे रक्षण हा विषय मुळापासून समजून घेणे फायद्याचे आहे. धंद्याच्या दृष्टीनेही आणि दीनच्या दृष्टीनेही.

घड्याळातील सर्वांत नाजूक जागा

चावीच्या घड्याळात मुख्य कमान ताकद पुरविते आणि बॅलन्स चक्र वेळ मोजते. हे चक्र एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे अखंड झुलत असते. जुन्या साध्या घड्याळात ताशी १८,००० ठोके पडतात. म्हणजे दर सेकंदाला ५ आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. वर्षाचा हिशेब केला तर ही संख्या १५ कोटींच्या वर जाते. नव्या घड्याळांत ताशी २८,८०० ठोके सर्रास आढळतात.

एवढे काम करणारे हे चक्र ज्या आसावर बसविलेले असते त्याला कारागीर ‘स्टाफ’ म्हणतात. स्टाफची दोन्ही टोके अतिशय बारीक केलेली असतात. त्यांची जाडी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाएवढी. प्रत्येक टोक एका खड्याच्या छिद्रात फिरते आणि त्याच्यावर दुसरा सपाट खडा झाकणासारखा बसविलेला असतो. हे खडे कृत्रिम माणकाचे असतात. त्यांना दागिन्यातील रत्नासारखी किंमत नसते. कठीणपणा, गुळगुळीतपणा आणि तेल धरून ठेवण्याची सोय यासाठी ते वापरतात.

येथे कोणीही विचारील की, टोक एवढे बारीक ठेवायचे कशाला? जाड केले तर मोडणार नाही! परंतु टोक जाड केले की घर्षण वाढते. घर्षण वाढले की चक्राचा झोका लहान होतो आणि घड्याळाची वेळ बिघडते. अचूक वेळ हवी तर टोक बारीक हवे आणि मजबुती हवी तर ते जाड हवे, अशी ही अडचण होती. खिशातल्या घड्याळाच्या काळात ती कशीबशी निभली. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४ ते १९१८) काळात घड्याळ सैनिकांच्या मनगटावर आले आणि पुढे सर्वसामान्यांच्याही. मनगट दिवसभर हलते, दारावर आपटते, हातोडा चालविते. त्यामुळे धक्क्याचा प्रश्न टाळता येईना.

एक मीटरचा हिशेब

धक्का म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबाने समजते. घड्याळ एक मीटर उंचीवरून सुटले तर जमिनीला लागताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४३ मीटर असतो. ताशी हिशेब केला तर सुमारे १६ किलोमीटर. हा वेग काही फार नव्हे, सायकलचाच वेग म्हणा. नुकसान वेगाने होत नाही, एकदम थांबण्याने होते.

समजा, एक मीटर खाली आलेले घड्याळ एक मिलिमीटर अंतरात थांबले. एक मीटर म्हणजे एक हजार मिलिमीटर. तेव्हा थांबताना त्यातील प्रत्येक भागावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी हजारपट भार येतो. बॅलन्स चक्राचे वजन ५० मिलिग्रॅम धरले तर त्या क्षणी ते ५० ग्रॅमचे असल्यासारखे त्या केसाएवढ्या टोकांना दाबते. तेच घड्याळ जाड सतरंजीवर पडून एक सेंटिमीटर अंतरात थांबले तर भार शंभरपटच होतो. फरशीवर पडलेले घड्याळ बंद पडते आणि गादीवर पडलेले चालत राहते, याचे कारण हेच.

मार कोणत्या बाजूने बसला हेही पाहावे लागते. सरळ काचेवर पडले तर टोक झाकणाच्या खड्यावर दाबले जाते. त्याचे तोंड चपटे होते किंवा खडा तडकतो. बाजूवर पडले तर टोक आडवे वाकते किंवा साफ मोडते. हा आडवा मार अधिक वाईट. संरक्षण नसलेल्या जुन्या घड्याळांत स्टाफ बदलणे हे कारागिराचे नेहमीचे काम असे. जुने घडीसाज लेथवर स्वतः स्टाफ खरादून काढीत. तो हुनर आज फार थोड्या हातांत उरला आहे.

उपाय कसा सापडला

या अडचणीवर पहिला प्रसिद्ध उपाय पॅरिसमध्ये काम करणारा स्विस घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७ ते १८२३) याने काढला. १७९० च्या सुमारास त्याने झाकणाचा खडा लवचिक पट्टीवर बसविला. धक्का बसला की पट्टी लवते, टोकावरचा भार कमी होतो आणि पट्टी पुन्हा जागेवर येते. या योजनेला त्याने ‘पारा-श्यूट’ असे नाव दिले. पडण्यापासून रक्षण असा त्याचा अर्थ. पुढच्या सर्व यंत्रणांचे मूळ याच कल्पनेत आहे.

मनगटी घड्याळांसाठी तिला पक्के रूप मिळाले ते १९३० नंतरच्या दशकात. स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात १९३४ च्या सुमारास ‘इन्काब्लॉक’ तयार झाले आणि पाहता पाहता जगभर पसरले. आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, सुरुवातीला इन्काब्लॉक वापरणाऱ्या कंपन्यांत वेस्ट एन्ड वॉच कंपनीचे नाव घेतले जाते. ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईच्या बाजारात होती. तिचे ‘सवार प्राइमा’ घड्याळ आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी वापरले किंवा निदान पाहिले असेल.

इन्काब्लॉकबरोबर ‘किफ’ ही दुसरी स्विस यंत्रणाही रूढ झाली. वायलर कंपनीने वेगळी वाट धरली. खड्याऐवजी तिने बॅलन्स चक्राचे आरेच वक्र व लवचिक केले आणि १९५६ साली जाहिरातीसाठी आपली घड्याळे आयफेल टॉवरवरून खाली टाकून दाखविली. त्याच १९५६ साली जपानच्या सिटिझनने ‘पॅराशॉक’ बाजारात आणले आणि हेलिकॉप्टरमधून घड्याळे टाकून लोकांची खात्री पटविली. सेइकोची यंत्रणा ‘डायाशॉक’ नावाने ओळखली जाते.

भारतात ही गोष्ट घरोघर पोहोचली ती एचएमटीमुळे. सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरू येथे घड्याळे बनविण्यास सुरुवात केली. ‘जनता’ घड्याळाच्या डायलवर ‘१७ ज्युएल्स’ आणि ‘पॅराशॉक’ हे शब्द दिसतात ते याच नात्यामुळे. बस कंडक्टर, मास्तर, लूम कामगार अशा कष्टाच्या मनगटांवर ही घड्याळे वर्षानुवर्षे टिकली. त्यात या छोट्या स्प्रिंगचा मोठा वाटा आहे.

यंत्रणा चालते कशी?

नावे अनेक असली तरी तत्त्व एकच आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बांधवांना ते लूमच्या उदाहरणावरून लगेच समजेल. साध्या पॉवरलूमवर धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत जोराने येतो. पेटीची भिंत त्याला ताठ अडवू लागली तर धोटा फुटेल किंवा पेटी तरी फुटेल. म्हणून पेटीत दाबपट्टी असते, ती त्याचा वेग मारते. पिकर आणि चामड्याचा पट्टा थोडे मागे सरकून उरलेला धक्का पचवतात. जे थोडे सरकते ते वाचते आणि वाचविते.

घड्याळात हेच काम केसभर जागेत होते. छिद्राचा खडा घड्याळाच्या प्लेटमध्ये पक्का ठोकलेला नसतो. तो एका लहानशा कटोरीत बसविलेला असतो. कटोरीच्या कडा उतरत्या असतात आणि ती तशाच उतरत्या बैठकीत टेकलेली असते. तिच्यावर झाकणाचा खडा आणि सर्वांवर एक पातळ स्प्रिंग. एरवी ही स्प्रिंग सर्वांना ठीक मध्यभागी दाबून धरते.

बाजूने धक्का बसला की टोक खड्याला ढकलते. कटोरी उतारावरून किंचित वर चढून बाजूला सरकते. ती सरकते तेवढ्यात स्टाफचा वरचा जाड भाग बाहेरच्या पक्क्या कड्याला टेकतो. आता मार बारीक टोकावर नसतो, जाड अंगावर असतो आणि तो भाग मार सहज सोसतो. धक्का ओसरला की स्प्रिंग कटोरीला उतारावरून पुन्हा मध्यावर आणते. सरळ वरून मार बसला तर झाकणाचा खडा स्प्रिंगला उचलून थोडा वर जातो, स्टाफचा खांदा कड्याला टेकतो आणि पुन्हा सर्व जागेवर. हे सगळे सेकंदाच्या अगदी लहान अंशात होऊन जाते. यासाठी सोडलेली मोकळी जागा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते.

म्हणजे या यंत्रणेत नाजूक टोकाला मजबूत केलेले नाही. त्याच्यावर भार येण्याआधीच तो जाड भागावर टाकण्याची व्यवस्था केली आहे. सगळी करामत त्या केसभर सरकण्यात आणि सरकून नेमके मध्यावर परत येण्यात आहे. परत येणे बंद झाले तर संरक्षण कुचकामी ठरते. कारागिराचे काम येथेच सुरू होते.

‘शॉकप्रूफ’ म्हणजे न बिघडणारे नव्हे

धक्क्याला टिकणाऱ्या घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ १४१३ असा त्याचा क्रमांक. त्यात एक मीटर उंचीवरून कठीण जमिनीवर पडण्याइतका मार घड्याळाला देतात. तीन किलो वजनाचा कठीण प्लॅस्टिकचा हातोडा झोक्यासारखा टांगून सेकंदाला ४.४३ मीटर वेगाने घड्याळावर आणतात. एक मार नऊच्या आकड्याच्या बाजूने आणि एक काचेवर. त्यानंतर घड्याळ चालू राहिले पाहिजे आणि मारापूर्वीच्या व नंतरच्या वेळेत दिवसाला ६० सेकंदांहून जास्त फरक पडता कामा नये.

या मानकात ‘धक्क्याला दाद न देणारे’ असा दावा नाही, ‘धक्क्याला तोंड देणारे’ एवढाच आहे. दोन्हींत फार फरक आहे. एक मीटरची खात्री म्हणजे तिसऱ्या मजल्याची खात्री नव्हे. शिवाय ही स्प्रिंग फक्त बॅलन्सच्या टोकांचे रक्षण करते. धक्क्याने काच फुटू शकते, काटे सैल होतात, डायलचे पाय तुटतात, ऑटोमॅटिक घड्याळातील फिरते वजन ढिले होते. केसकमानीचे दोन वेढे एकमेकांना चिकटले तर घड्याळ एकदम मिनिटे-मिनिटे पुढे पळू लागते. यांपैकी कशाचीही हमी डायलवरचा तो शब्द देत नाही.

क्वार्ट्झ घड्याळाची गोष्ट वेगळी. त्यात बॅलन्स चक्रच नसते. कॅसिओने १९८३ साली आणलेले ‘जी-शॉक’ आतल्या यंत्राभोवती मऊ आधार व मोकळी जागा ठेवून धक्का अडविते. गिऱ्हाइकाने त्याची तुलना चावीच्या घड्याळाशी केली तर दुकानदाराने हा फरक समजावून सांगावा.

कारागीर बांधवांसाठी काही गोष्टी

१) मागचे झाकण उघडून बॅलन्सच्या पुलावरील खडा भिंगाखाली पाहावा. इन्काब्लॉकची स्प्रिंग लायर नावाच्या तंतुवाद्याच्या आकाराची असते, किफची पाकळ्यांसारखी. स्प्रिंग नसून झाकणाचा खडा बारीक स्क्रूंनी आवळलेल्या पट्टीत पक्का बसविलेला असेल तर त्या जागी संरक्षण नाही, डायल काहीही म्हणो.

२) वरच्या बाजूला स्प्रिंग दिसली म्हणून डायलकडच्या बाजूलाही असेलच असे धरून चालू नये. दोन्ही बाजू पाहाव्यात. बॅलन्स काढून लाकडी काडीने कटोरीला हलकेच ढकलावे. ती सरकून आपोआप मध्यावर आली पाहिजे.

३) कटोरी सरकून अडकून राहत असेल तर बहुधा जुने तेल घट्ट झालेले असते किंवा उतारावर घाण साचलेली असते. ती पूर्ण साफ करावी. कटोरी वाकडी राहिली तर टोक तिरके घासते. घड्याळ आडवे ठेवल्यावर एक वेळ दाखविते आणि उभे ठेवल्यावर दुसरी.

४) तेल दोन खड्यांच्या मध्ये, तेही अगदी थेंबाच्या अंशाएवढे. ते गोल डागासारखे मध्यावर राहिले पाहिजे. जास्त घातले की सर्वच वाहून जाते आणि टोक कोरडे पडते.

५) स्प्रिंग उघडताना बोट किंवा काडी आडवी धरावी. उडाली तर सापडत नाही. हरवलेल्या स्प्रिंगच्या जागी खडा डिंकाने चिकटविणे हा चोरटा उपाय आहे. घड्याळ चालू लागते खरे, परंतु संरक्षण संपलेले असते आणि पुढच्या कारागिराचे काम दुप्पट होते. वाकलेली स्प्रिंगही ढिली धरते. ती बदलावी.

६) पडलेले घड्याळ ‘चालते आहे’ म्हणून परत देऊ नये. डायल वर, डायल खाली आणि उभे अशा तिन्ही स्थितींत वेळ तपासावी. फरक मोठा असेल तर टोक वाकले आहे का, हे पाहावे.

७) गिऱ्हाइकाला सांगावे की, काही वर्षांनी साफसफाई व तेल करणे हा संरक्षणाचाच भाग आहे. तेल सुकलेली यंत्रणा डायलवर नाव असूनही निकामी असू शकते.

डायल एक आणि मशीन दुसरे

आता सौद्याचा प्रश्न. जुन्या घड्याळांच्या बाजारात डायल नव्याने छापून घेण्याची रीत आहे. त्यात वाईट काही नाही. फिकट पडलेले डायल उजळले तर गिऱ्हाइकालाही आवडते. परंतु ज्या मशीनमध्ये संरक्षण नाही त्याच्या डायलवर ‘इन्काब्लॉक’ छापणे, पंधरा खड्यांच्या मशीनवर ‘१७ ज्युएल्स’ लिहिणे, तीन घड्याळांचे भाग जोडून ‘ओरिजिनल’ म्हणणे ही सजावट राहत नाही. गिऱ्हाईक त्या शब्दाच्या भरवशावर घड्याळ रोज हातात घालतो. ते एकदा पडले की स्टाफ जातो आणि त्याच्याबरोबर दुकानाचे नावही.

सहीह मुस्लिममधील एक हदीस व्यापाऱ्यांना सुपरिचित आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले. ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (स.) त्याला विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. पावसात धान्य भिजणे हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ते खाली ठेवणे हा गुन्हा होता. घड्याळाच्या बाबतीत डायल म्हणजे ढिगाचा वरचा थर आणि मशीन म्हणजे आतले धान्य. संरक्षण नसलेले जुने घड्याळ विकण्यात काही गैर नाही. ‘यात शॉकची स्प्रिंग नाही, जपून वापरा’ एवढे वाक्य सांगितले की ते धान्य वर आले.

फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ म्हणून खरेदीदाराचा हक्क आहे. सौद्याच्या वेळी न सांगितलेला ऐब नंतर उघड झाला तर त्याला माल परत करता येतो. देशाचा कायदाही यापेक्षा वेगळे सांगत नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे.

म्हणून दुकानदारांनी बिलावर चार गोष्टी लिहिण्याची सवय लावावी. मशीन कोणत्या कंपनीचे, डायल मूळचे की नव्याने छापलेले, धक्क्याचे संरक्षण दोन्ही बाजूंना आहे की नाही आणि सर्व्हिसिंग कोणत्या महिन्यात झाले. असे बिल हातात पडले की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतो, असा कापडाच्या धंद्यातीलही अनुभव आहे. सूत शुद्ध आहे की मिश्र, हे ताग्यावर स्पष्ट लिहिणाऱ्या दुकानाकडे लोक दुसऱ्यांदा येतात.

कारागिरांनीही आपल्या हुनराचे मोल ओळखावे. शॉकची कटोरी उघडून, धुऊन, नेमके तेल देऊन पुन्हा बसविणे हे भिंगाखालचे बारीक काम आहे. त्याची मजुरी वेगळी सांगावी आणि काम करून दाखवून घ्यावी. न केलेल्या कामाची मजुरी घेऊ नये आणि केलेल्या कामाची सोडूही नये. तरुण मुलांना हे काम शिकवावे. चावीच्या घड्याळांचे शौकीन वाढत असताना ती उघडण्याचे धैर्य असलेले हात मात्र कमी होत आहेत. जो शिकेल त्याला इन्शाअल्लाह काम कमी पडणार नाही.

दुरुस्तीला आलेले घड्याळ ही अमानत आहे. कोणाला ते वडिलांनी दिलेले असते, कोणाला निकाहात मिळालेले. त्याच्या आत काय आहे हे मालकाला दिसत नाही. ते कारागीर पाहतो आणि अल्लाह पाहतो. जे आत आहे तेच डायलवर असावे आणि तेच बिलावर असावे. हलाल रोजीत बरकत येते ती अशाच सौद्यातून.